दारू सोडली, आता लिव्हरची धास्ती: रिपोर्टात नेमकं बघायचं काय

पिणं चालू असतं तोपर्यंत लिव्हर डावीकडे की उजवीकडे हेसुद्धा कोणाला माहीत नसतं. सोडली की महिनाभरात उजव्या बरगडीखाली टोचायला लागतं, आरशात जीभ बघणं सुरू होतं, डोळे पिवळे वाटायला लागतात (पिवळ्या बल्बच्या उजेडात सगळ्यांचेच वाटतात), आणि रात्री दोनला मोबाइलवर वाचून वाचून माणूस स्वतःला सिरोसिस लावून घेतो. मी इंदूरला रामबागेकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते, रिपोर्ट काढते, त्यामुळे असे काका, दादा आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या त्यांच्या बायका रोज समोर असतात. मी डॉक्टर नाही, ते आधीच सांगते, औषध-गोळी मला विचारू नका. पण रिपोर्ट हातात आल्यावर लोक काय बघतात आणि काय बघायला हवं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेवढं सांगण्याइतपत कळतं.

आधी ते टोचणं. लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतातच, बाहेरून जे पातळ आवरण असतं त्याला असतात, म्हणजे लिव्हर सुजून आवरण ताणलं गेलं तरच जडपणा किंवा दुखणं जाणवतं. सोडल्यानंतरचं बोटाने दाखवता येणारं टोचणं बऱ्याचदा गॅसचं, आतड्याच्या वळणाचं, बरगडीच्या स्नायूचं असतं, कधी पित्ताशयात खडा निघतो. सारखं दुखत असेल तर दाखवाच, पण टोचतंय म्हणजे लिव्हर गेलं असं काही नाही. आणि खरी अडचण तर याच्या उलटीच आहे, लिव्हर बरंच खराब होईपर्यंत काहीच दुखत नाही, म्हणून "मला तर काहीच त्रास नाही ताई" याला सुद्धा फार अर्थ नाही.

इथे मध्येच एक गोष्ट, ज्यांनी अजून सोडलेली नाही आणि हे वाचून आजच रात्री सोडणारेत त्यांच्यासाठी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, त्यात जीवसुद्धा जाऊ शकतो. हे लिव्हरचं नाही, मेंदूचं प्रकरण आहे. सकाळी उठल्या उठल्या लागत असेल, किंवा आधी कधी बंद करताना फिट आली असेल, तर डॉक्टरच्या देखरेखीतच सोडायची, तिथे बी-१ म्हणजे थायमिनसुद्धा देतात, कारण पिणाऱ्यांत ते कमी पडलेलं असतं आणि ग्लुकोजची बाटली चढवण्याआधी ते द्यावं लागतं. सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे.

आता लिव्हरमध्ये होतं काय ते. डॉक्टर विचारतात किती प्यायचात, उत्तर ठरलेलं, "थोडी". थोडी म्हणजे किती ते बघा. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मिलीचा पव्वा म्हणजे ६० ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" वाले चार पेग घेत असतात. लिव्हर तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅम काढू शकतं, तर रात्री अकराला संपवलेला पव्वा सकाळी पोहे खायला बसेपर्यंत निघालेला असेल याची खात्री नाही. २०२३ मध्ये आपल्या एमपीत अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाले, पव्वा काही बंद झाला नाही, आणि घरी ओतताना ३० मिली कोण मोजतंय.

अल्कोहोल तोडताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि त्याच वेळी लिव्हरचं चरबी जाळायचं काम मागे पडतं, म्हणून पहिली पायरी फॅटी लिव्हर, जी रोज भरपूर पिणाऱ्यांपैकी बहुतेक सगळ्यांना होते. ही चरबी पूर्ण बंद केल्यावर बऱ्याच जणांत दोन ते सहा आठवड्यांत उतरते, आणि सगळे मुळात याच गोष्टीवर खूष होतात. पुढची पायरी सूज, त्याच्या पुढची व्रण म्हणजे फायब्रोसिस. पेशी मरत राहिल्या की लिव्हर त्या जागी कोलॅजनचे धागे भरतं, माहेश्वरी लुगड्याला रफू करावं तसं, फाटकं दिसत नाही पण ते मूळ कापडही नसतं. थोडं रफू असेल तर पिणं थांबल्यावर लिव्हर ते हळूहळू उसवून परत पेशी भरू शकतं, त्याला महिने-वर्षं लागतात. सगळीकडेच रफू झालं, गाठी गाठी झाल्या, रक्त आतून वाहायला जागा राहिली नाही, ते सिरोसिस. भरपूर पिणाऱ्या १०० तले साधारण १० ते २० तिथपर्यंत पोचतात. म्हणजे सगळे नाही, पण कोण पोचलंय ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

तर सोडल्यानंतर प्रश्न एकच राहतो, व्रण किती आहे. आणि लोक काय बघतात? एसजीपीटी.

"ताई, एसजीपीटी नॉर्मल आलाय, सुटलो ना?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की काय सांगू. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीच्या आतले एन्झाइम, पेशीला इजा झाली की रक्तात सांडतात. म्हणजे आकडा सांगतो की सध्या सांडतंय किती, आधी किती सांडून गेलं ते सांगत नाही. पिणं थांबलं की सांडणं थांबतं, काही आठवड्यांत दोन्ही खाली येतात, आणि सिरोसिस असलेल्या माणसाचेसुद्धा हे दोन आकडे अगदी नॉर्मल येऊ शकतात. रिपोर्टवर नाव लिव्हर फंक्शन टेस्ट, पण हे दोन आकडे फंक्शनचे नाहीतच. उलटंही खरं, थोडे वाढलेले दिसले म्हणून संपलं असंही नाही. एसजीओटी स्नायूतही असतो, आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढून आलेल्या पोराचा वाढतो. सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या, ट्यूबमधलं पाणी लालसर झालं, तरी वाढतो, तेव्हा आम्ही परत बोलावतो आणि लोक चिडतात.

या दोघांचं एकमेकांशी प्रमाण मात्र बोलकं असतं. दारूच्या लिव्हरमध्ये एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी, बऱ्याचदा दुपटीच्या वर, आणि दोन्ही सहसा ३००-४०० च्या आतच. हजारात आकडे गेले तर दारूशिवाय आणखी काहीतरी आहे, व्हायरसची कावीळ, एखादं औषध, ते डॉक्टर शोधतात. जीजीटी हा लिव्हरचा आणखी एक एन्झाइम, दारूला फार हळवा, पण उतरतो सावकाश, दोन-तीन आठवड्यांत निम्मा. म्हणून दहाव्या दिवशी जीजीटी अजून वर आहे यावरून नवऱ्यावर संशय घेऊ नका, हे मी खरंच काउंटरवर भांडणं बघून सांगते आहे. सीबीसीमधला (रक्तपेशींच्या मोजणीतला) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, तो तर तीन-चार महिने घेतो, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि दारूने मोठ्या झालेल्या जुन्या पेशी गेल्याशिवाय सरासरी खाली येत नाही.

लिव्हर काम करतंय का हे सांगणारे आकडे वेगळे. अल्ब्युमिन, जे लिव्हर बनवतं. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतंय का. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारं पिवळं द्रव्य लिव्हर बाहेर टाकतंय का. आणि चौथा तर लिव्हरच्या कागदावर नसतोच, सीबीसीच्या कागदावर असतो, प्लेटलेट. लिव्हर घट्ट झालं की रक्त मागे तुंबतं, प्लीहा वाढते, ती प्लेटलेट अडकवून ठेवते, आकडा दीड लाखाच्या खाली सरकायला लागतो. पण पिणाऱ्याच्या प्लेटलेट दारूमुळेसुद्धा कमी असतात, त्या बंद केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत वर येतात. म्हणून एकाच रिपोर्टवर निकाल लावायचा नाही.

हे आकडे जोडून एक हिशोब करतात, फिब-फोर म्हणतात त्याला, मोबाइलवर होतो, पैसे लागत नाहीत. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा ५२ वर्षांचे एक काका, परवापर्यंत पीत होते, एसजीओटी ६४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वर ५२ गुणिले ६४ म्हणजे ३३२८, खाली १८० गुणिले ६ म्हणजे १०८०, उत्तर ३.०८. आता नियम असा की १.३ च्या खाली असेल तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी हवीच. म्हणजे काका घाबरले. तेच काका दोन महिने पूर्ण बंद ठेवून आले, एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६च, प्लेटलेट २ लाख १० हजार. ५२ गुणिले ३० म्हणजे १५६०, भागिले १२६०, उत्तर १.२४. व्रण दोन महिन्यांत गेला असं नाही झालं, आधीचा आकडाच पिण्यामुळे फुगलेला होता. आणि दुसऱ्या कोणाचा दोन महिन्यांनी सुद्धा ३ वरच राहिला तर मग तो आकडा खरं बोलतोय, उठायचं आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडे जायचं. ६५ च्या पुढच्यांना खालची मर्यादा २ धरतात आणि ३५ च्या आतल्यांना हा हिशोब नीट लागू पडत नाही, कारण त्यात वयच गुणलेलं आहे.

सोनोग्राफीबद्दल पण एक मोठा गैरसमज आहे. "ग्रेड टू फॅटी" वाचून लोक समजतात की लिव्हर दोन पायऱ्या खराब झालं, आता तीन झालं की सिरोसिस. तसं नाही हो. ती ग्रेड चरबी किती दिसते त्याची आहे, व्रणाची नाही. चरबी थोडी असेल तर सोनोग्राफीत दिसतही नाही, आणि सुरुवातीचा व्रणही दिसत नाही. व्रणासाठी फायब्रोस्कॅन असतो, बरगड्यांमधून एक धक्का देऊन लिव्हर किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतात. साधारण ७ च्या आत ठीक, १२-१३ च्या पुढे गेलं की सिरोसिसचा विचार करतात, मधलं डॉक्टर ठरवतात. तीन तास उपाशीपोटी करायचा. आणि सूज असेल तर लिव्हर कडक लागतंच, म्हणून सोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात फायब्रोस्कॅन करून १५ आकडा बघून झोप उडवून घेण्यात काही अर्थ नाही, डॉक्टरांनी घाई सांगितली नसेल तर महिना-दोन महिने थांबून केलेला आकडा जास्त भरवशाचा.

आता खाणं, आणि इथे इंदूरचं काय करायचं मला खरंच कळत नाही. पव्व्यातल्या ६० ग्रॅम अल्कोहोलमधून रोज ४०० च्या वर कॅलरी मिळत होत्या, त्या गेल्या की शरीर गोड मागतं, हे अगदी नेहमीचं आहे. आणि गोडाला इथे काय तोटा, सकाळी पोह्यांबरोबर जलेबी, त्या पोह्यांवर मूठभर सेव, संध्याकाळी कचोरी, रात्री सराफा बाजारात जलेबा, थंडीत गराडू (तळलेला कंद). सुरुवातीचे काही आठवडे गोड खाऊन दारूची तलफ मारता येत असेल तर मी म्हणेन खा, दारूपेक्षा जलेबी बरी. पण वर्षभर तेच चाललं तर साखरेतलं अर्धं फ्रुक्टोज असतं, ते थेट लिव्हरमध्ये जातं आणि त्याची चरबी होते. दारूचं फॅटी लिव्हर जाऊन साखरेचं आलं, असे रिपोर्ट मी बघते, जीजीटी खाली आलेला असतो आणि एसजीपीटी वर चढलेला, या वेळी एसजीपीटी पुढे आणि एसजीओटी मागे. बरोबर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) काढला की डायबिटीसही सापडतो. पोट सुटलेलं असेल तर वजन ७ ते १० टक्के कमी केल्याने लिव्हरची सूज उतरते, ८० किलोच्या माणसाचे सहा ते आठ किलो.

चहाच्या शहरात सांगायला बरं वाटत नाही, पण कॉफी लिव्हरला चांगली दिसते, दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत व्रण आणि सिरोसिस कमी आढळतो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय. अर्थात तीन चमचे साखर घालून नाही.

लिव्हर टॉनिक, डिटॉक्स, काढे यांचं मात्र मला जरा चिडूनच बोलावंसं वाटतं. दारू बंद असताना आकडे आपोआप उतरतात, त्याच वेळी कोणी सिरप दिलेलं असतं, श्रेय सिरपला जातं. दारूने झालेला व्रण भरून काढतं असं सिद्ध झालेलं एकही टॉनिक नाही. आणि "जडीबुटी आहे, नुकसान तर नाही ना" हेही खरं नाही. गुळवेल, ज्याला आपण इकडे गिलोय म्हणतो, ती कोविडच्या काळात घराघरात उकळली गेली, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला, पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे त्याने त्या वादात स्वतःचं लिव्हर घालायची गरज काय.

डोकेदुखीच्या गोळीचा घोळ याच्या अगदी उलटा. लोकांनी ऐकलेलं असतं की पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट, म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेऊन येतात. सिरोसिस असेल तर या दोन गोळ्या जास्त धोक्याच्या, किडनी बसू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांपर्यंत, डॉक्टर सहसा चालवून घेतात, पण तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा. दारू सोडवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, डायसल्फिराम स्वतःच लिव्हरला त्रास देऊ शकते, कोणाला कुठली द्यायची ते लिव्हर बघून ठरतं, म्हणून चोरून भाजीत मिसळून देणाऱ्या वहिनींनी कृपा करून ते करू नका, वरून त्याने पिली तर जिवावर बेतेल.

रक्त देतोच आहात तर हिपॅटायटिस बी आणि सी पण करून घ्या. दारू आणि सी दोन्ही एकत्र असतील तर व्रण भराभर वाढतो, आणि सी आता बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. बी निगेटिव्ह असेल तर लस.

काही गोष्टींना मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण चिकट आणि घाण वास असेल तर ती वेगळी), डोळे-लघवी पिवळीजर्द, पोट पाण्याने फुगणं, किंवा माणूस दिवसा झोपतोय, रात्री जागा आहे, भलतंच बोलतोय, साधी बेरीज चुकतोय. घरच्यांना वाटतं परत प्यायलाय. त्याच्या तोंडाचा वास बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीला न्या, एमवायला (इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) न्या नाहीतर जवळ जे असेल तिथे.

आणि सिरोसिस निघालंच तर सोडून काय उपयोग झाला असं वाटणं साहजिक आहे, पण उपयोग तिथेच सगळ्यात जास्त असतो. पोटात पाणी झालेले, कावीळ झालेले काही पेशंट पूर्ण बंद ठेवल्यावर परत सावरतात, पाण्याच्या गोळ्या (पोटातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या) कमी होतात, अल्ब्युमिन वर येतं. यांना प्रोटीन बंद करायचं ही जुनी समजूत आहे, उलट किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हवं, ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम, डाळ, दूध, पनीर, अंडी, आणि झोपताना काहीतरी खाऊन झोपायचं कारण त्यांचं लिव्हर रात्रभराची साखर साठवू शकत नाही, उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं. म्हणजे एकादशी, चतुर्थी बंद, आजीला काय सांगायचं ते तुम्ही बघा. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, आणि सेंधा मीठ पण मीठच आहे, त्यातही सोडियमच असतं. कमी सोडियमवालं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि पाण्याच्या काही गोळ्यांबरोबर ते चढतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण सिरोसिसमध्ये कॅन्सरची गाठ व्हायचा धोका दारू सोडल्यावरही पूर्ण जात नाही, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा एंडोस्कोपी, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा बघायला.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांना काही मोठं निघालं नाही त्यांनी, एक फाइल करा, त्यात सगळे रिपोर्ट तारखेने लावा आणि पहिल्या पानावर शेवटचा पेग कोणत्या तारखेला घेतला ते खरं लिहा, कारण त्या तारखेशिवाय जीजीटी काय नि फायब्रोस्कॅन काय, डॉक्टरला अर्थ लावता येत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, प्रत्येक मशीनची नॉर्मल रेंज थोडी वेगळी असते. आणि आदल्या दिवशी जिम नको.